गंजवाल्या मॅडम

"तळ बघा ताई, तळ. वरचं सगळं गोडच दिसतं."

असं म्हणत त्या बाटली खिडकीच्या उजेडात धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि मान इतकी वाकडी करायच्या की नव्या माणसाला वाटावं, बाईंच्या मानेत उसण भरली आहे. बाटलीत काळपट तपकिरी पाणी असायचं, कोऱ्या चहासारखं. खालून तळाशी बघून झालं आणि गाळ दिसला नाही की बाटली पुन्हा फळीवर जायची. गाळ दिसला तर तोंडून एकच शब्द निघायचा, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ही खोड बाटलीपुरती नव्हती. चहाचा ग्लाससुद्धा त्या आधी वर धरून बुडाशी बघत. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हाला नक्की कायम करतो." ते गाडीत बसून गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "ताई, ह्याचा तळ दिसला का तुमाला? मला न्हाई दिसला."

मी त्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे बाटल्या धुणं, टेबलं पुसणं आणि कार्यक्रम असला की चहा देऊन कपबशा गोळा करणं. भोरच्या बाहेर रस्त्याकडेला आमचं दोन मजली कॉलेज, त्यातला वरचा मजला अजून अर्धाच. सगळं कॉलेज मला मावशी म्हणतं, माझ्याहून म्हातारी माणसंसुद्धा. या बाई आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला वय विचारलं. मी म्हटलं, बेचाळीस. "माझं एकेचाळीस. मग ताई," त्या म्हणाल्या. विषय संपला.

त्या वेल्ह्याकडच्या, गुंजवण्याच्या. जमीन धरणात गेलेली, घर बौद्धवाड्यात. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवं पत्र आलं तर नोकरी, नाही आलं तर नमस्कार. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकासारखं असायचं. माझ्याशी बोलताना, आणि राग आला की कोणाशीही, ते थेट वेल्ह्याला जायचं.

शिकवून झालं की दुपारी दोन ते पाच त्या प्रयोगशाळेत गंज करत. हा शब्द आमच्या हेडक्लार्कचा. "अख्खा तालुका पत्र्याचा गंज खरवडतोय आणि ह्या बाई मुद्दाम गंज करतायत," असं तो ऑफिसात म्हणाला आणि त्या दिवसापासून त्या गंजवाल्या मॅडम झाल्या. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. फकस्त त्याला सांगा, बारीक गंज म्हणावं. लई बारीक."

किती बारीक, असं मी विचारलं होतं. "तुमच्या एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी ठेवले तर हजारो बसतील," त्या म्हणाल्या. जे दिसत नाही ते करायला माणूस इतका घाम का गाळतो, हे मला कळायचं नाही. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे, वरून अमोनिया सोडायचा. पिवळं पाणी डोळ्यांदेखत काळं व्हायचं. मग भांड्याखाली लोहचुंबक धरला की सगळं काळं तळाशी ओढलं जायचं आणि वरचं पाणी ओतून द्यायचं. अमोनियाच्या वासानं माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही.

कशासाठी चाललं होतं हे सगळं? एका माणसासाठी, आणि तो माणूस हयात नव्हता.

मॅडमच्या वडिलांना त्या आबा म्हणत. आबांच्या किडन्या गेल्या होत्या, त्यात पोट दुखायला लागलं. पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात एमआरआय करायचा ठरला. फोटोत गाठ नीट उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध सोडतात, आपल्याकडे त्याला डाय म्हणतात. नेहमीचा डाय किडन्या गेलेल्या माणसाला द्यायला डॉक्टर कचरतात. आबांचं स्ट्रेचर मशीनच्या दारापर्यंत गेलं आणि मागे फिरवलं. मग डायशिवायच फोटो काढला. लिव्हरवर काहीतरी आहे, पण काय ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. तीन महिन्यांनी आबा गेले. कशानं गेले असं कोणी विचारलं की मॅडमची आई अजून म्हणते, "सांगता येत न्हाई म्हनले."

"माझ्या बापाला 'सांगता येत न्हाई' म्हणून घरी धाडला," मॅडम मला एकदा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण हातातला चमचा त्यांनी टेबलावर असा ठेवला की मी दचकले. "लोखंड अंगाला परकं न्हाई ताई. रक्तातच असतं. हे कण धडधाकट लिव्हर गिळतं आणि फोटोत काळं पडतं. गाठ गिळत न्हाई, ती पांढरी उठून दिसती. म्या काय नवा शोध लावला न्हाई, जगात हे लोकांनी केलेलं हाय. पण आबासारख्याला हितं ते कुठं मिळतं? मला किडनीवाल्याला चालंल आणि हितल्या माणसाला परवडंल असं करायचंय. आणि हितंच करायचंय."

अडचण एकच होती. हे कण नुसते सोडले की एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाला जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक कणाला अंगरखा घालावा लागतो. मॅडमना तो स्टार्चचा, म्हणजे भाताच्या पेजेत असते तसल्या खळीचा, घालायचा होता. त्यांनी स्टार्चच्या बाटलीसाठी अर्ज दिला आणि तो ऑफिसात निवांत झोपला. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या उत्रोलीला भात कुठला लावता?"

"इंद्रायणी."

"मग पेज आणा उद्या. पातळ, फडक्यातून गाळलेली. तांदूळ आणि पाणी. दुसरं कायबी नको."

आमच्या घरी स्वयंपाक सासूबाईंच्या हातात. पेज कोणाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या मॅडम कुठल्या, कोणाच्या, हेही विचारलं. तेही सांगितलं. सासूबाईंनी माळ्यावरचा पोचा आलेला जुना डबा काढला, त्यात पेज ओतली आणि म्हणाल्या, "डबा तिकडंच ठिव. माघारी आणू नगंस."

तुम्ही म्हणाल, आता असं कोण करतं? करतात. तुमच्या-माझ्या घरात करतात. मी तेव्हा गप्प राहिले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मॅडमनी तो डबा हातात घेतला, फिरवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. "भांडं बरं हाय. लॅबमधीच ठेवू," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या.

पण पेज लागू पडली. आठ महिने मी घरच्या जुन्या बाटलीतून पेज नेऊन त्या डब्यात ओतत होते आणि फळीवर बाटल्यांची रांग वाढत होती. एकीच्याही तळाला गाळ नाही. ही बातमी वर गेली आणि पुण्याहून एक समिती बघायला येणार असं ठरलं. समितीनं मान डोलावली तर खरी प्रयोगशाळा मिळणार होती, मॅडम कायम होणार होत्या. ऑफिसातला सूर बदलला. हेडक्लार्क "आमच्या मॅडम" म्हणायला लागला. यश मिळायचा नुसता वास आला तरी माणसं कशी गोळा होतात, हे मी तेव्हा बघितलं.

समितीच्या आधी मॅडमनी शेवटची ताजी बाटली केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर खाली काळा चिखल आणि वर स्वच्छ पाणी. मॅडम आल्या, बघितलं, आणि तो शब्द उच्चारला. मग अमोनिया तपासला, क्षार तपासले, शेवटी माझ्याकडे वळल्या. "बाटल्या कशानं धुतल्या?"

मी भडकले. "सतरा वर्षं धुतीय मी. आज विचारता व्हय?"

त्यांनी डबा पुढे ओढला. उरलेल्या पेजेत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. प्रयोगशाळेत काही तोंडात घालणाऱ्या पोरांना ह्याच बाई वर्गाबाहेर उभं करत.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी सासूबाईंना विचारलं. त्या सरळ म्हणाल्या, "व्हय, घातलं की. चांगलं मूठभर घातलं. किती दिस झालं तू त्या बाईला पेज नेतीयास. वाळकी हाय म्हनतीस, बापबी गेला तिचा. आजारी मानसाला काय अळणी पेज द्यायची? आपल्या घरची रीत न्हाई ती."

आठ महिने त्यांना वाटत होतं की मॅडम ती पेज पितात! पेज कणांना घालतो, असं मी समजावायला गेले तर त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की मलाच काहीतरी झालंय. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, त्या शेवटच्या पेजेला त्यांनी डबासुद्धा नवा दिला होता, झाकणाचा, आणि देताना म्हणाल्या होत्या, "माघारी आन गं, पुन्यांदा लागंल."

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावलं. "माझ्यासाठी घातलं मीठ? तुमच्या सासूबाईंनी? माझ्यासाठी?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. डोळे पुसले. अमोनियानं न आलेलं पाणी त्या दिवशी आलं होतं.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि हसू गेलं.

"ताई, बोट कापल्यावर रक्त चोखलंय ना कधी? कसं लागतं?"

"खारट."

"मग? बाटलीत ज्या मिठानं गाळ झाला, त्याच मिठानं शिरेत व्हईल. माणूस मरंल." गाळाची बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यात टाकून बघायचं, हे पहिल्या आठवड्यातलं काम. मला ठाऊक होतं. पाण्यात लई छान दिसत होतं, म्हणून म्या टाळलं. भ्याले."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून "भ्याले" हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. चूक माझ्या घरात झाली असं मी धरून चालले होते. त्यांनी ती उचलून स्वतःच्या नावावर घेतली.

प्राचार्यांचं मत सरळ होतं. "मॅडम, जुन्या बाटल्या दाखवा. मिठाचं पुढच्या वर्षी बघू. हात दाखवून अवलक्षण कशाला?" हेडक्लार्कला तर आयतंच सापडलं होतं. मावशींच्या सासूनं मिठाचा खडा टाकला, असं तो दोन दिवस गावभर सांगत होता.

समिती आली. तीन जण होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच उभी राहिले, हलले नाही. मॅडमनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक साध्या पाण्यातली, आठ महिन्यांची, झकास. दुसरी आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात घातलेली, खाली चिखल. "पहिली बघून तुम्ही खूश व्हाल," त्या म्हणाल्या, "पण खरी ही दुसरी आहे. रक्तात असंच होईल."

प्राचार्य छताकडे बघत होते. समितीतले वयस्कर गृहस्थ चांगल्या मनानंच म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा आवडला मॅडम. पण हे भोरला होणारं काम नाही."

"का न्हाई?" झालं, भाषा वेल्ह्याला पोचली. "चूक भोरातच सापडली ना? उत्रोलीच्या पेजेनं सापडली. मग उत्तरबी हितंच सापडंल. तुमी मान्यता देऊ नका, पण हितं होत न्हाई हे सांगू नका."

त्यांनी मान्यता दिली नाही. "आमच्या मॅडम" पुन्हा गंजवाल्या झाल्या. प्रयोगशाळेत कपाटं आली आणि मॅडमचं टेबल जिन्याखालच्या खोलीत गेलं, मोडक्या बाकांच्या शेजारी. तिथे खिडकी नव्हती. बाटलीचा तळ बघायला त्या व्हरांड्यात यायच्या, जाणारे-येणारे हसायचे, आणि त्या मुद्दाम जास्त वेळ बघत उभ्या राहायच्या.

दोन वर्षं असं चाललं. अंगरखा नुसता पांघरून भागत नाही, मीठ तो उतरवतं, हे त्यांनी मला समजावलं. गोधडीच्या थरांना टाके घालतो तसे स्टार्चला टाके घालायला हवेत. ते टाके घालायचं रसायन कधी कमी पडायचं, कधी जास्त होऊन सगळ्याचा लगदा व्हायचा. किती बाटल्या मी ओतल्या आणि धुतल्या, गणती नाही. पेज मात्र येत राहिली, अळणी. सासूबाई दर वेळी बजावायच्या, "तिला सांग, मीठ नगं म्हनली म्हनून घातलं न्हाई." सोबत वेगळ्या वाटीत लोणचं असायचं. ते कणांना नव्हतं.

आणि एका सोमवारी मिठाच्या पाण्यातल्या बाटलीचा तळ स्वच्छ निघाला. मॅडमनी आधी मला बघायला लावलं. मग त्यांनी बघितलं. पुढच्या सोमवारी पुन्हा. असे बावीस सोमवार आम्ही दोघींनी व्हरांड्यात माना वाकड्या केल्या.

पुण्यात एका स्कॅन सेंटरला त्यांच्या ओळखीच्या टेक्निशियन बाई होत्या. एका रविवारी एसटीनं आम्ही दोघी तिकडे गेलो. मांडीवर थर्माकोलचा खोका, त्यात कणांचं पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या इवल्या नळ्या. मशीनच्या खोलीत जायचं तर मंगळसूत्र काढा म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, काचेतून बघते. पडद्यावर गोल गोल ठिपके उमटले. नुसत्या पाण्याचा पांढरा, कण घातलेले करडे, मग काळे. साध्या पाण्यातली रांग आणि मिठाच्या पाण्यातली रांग, दोन्ही सारख्या. मलासुद्धा दिसत होतं.

मॅडमनी शेवटच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आबांना दारातनं माघारी फिरवलं नसतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. लगेच सोडवून घेत म्हणाल्या, "चला. अजून उंदीर हायेत, मग मोठं जनावर, मग माणूस. दहा वर्षं लागतील. लागू दे."

ते फोटो बघून पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना बोलावलं. लेख छापताना आमच्या पुण्याच्या संस्थेचा पत्ता टाका, वजन पडेल, असं सुचवलं. तुम्ही तर भोरला कायमसुद्धा नाही, असंही म्हणाले. मॅडमनी सांगितलं, "मी कायम नाही. पण कण तिथे झालेत." लेख आमच्या कॉलेजच्या पत्त्यावर छापून आला. प्राचार्यांनी तो व्हरांड्यातल्या फलकावर लावला, आणि त्याच जूनमध्ये मॅडमना पत्र दिलं की या वर्षी आपल्या तासांची आवश्यकता नाही.

त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. महिन्याभरात त्यांना लांब दक्षिणेत एका संस्थेत जागा मिळाली, जिथे उंदरांवरची तपासणी होणार होती. तीही करारावरच. निघायच्या आधी प्राचार्यांनी निरोप समारंभाचं काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नको. मला शाल नको आणि नारळही नको." गुरुवारी मी त्यांना भोरच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं. खोका त्यांनी मांडीवर घेतला होता, बॅग मात्र पायाखाली.

तरी शनिवारी समारंभ झाला. फलक छापून आला होता, अध्यक्षांची वेळ घेतलेली होती. व्यासपीठावर मॅडमची खुर्ची रिकामी, आणि शाल त्या खुर्चीच्या पाठीवर घातली. प्राचार्य छान बोलले. ग्रामीण भागाच्या मर्यादा, मॅडमची जिद्द, आणि काम मात्र दुर्दैवानं अपुरं राहिलं. मी भिंतीशी ट्रे घेऊन उभी होते. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?

मी ट्रे खाली ठेवला आणि वर गेले. त्या व्यासपीठावर आजवर मी फक्त चहा नेला होता. माइक हातात घ्यायचा कसा हेही ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी धरला.

म्हटलं, "काम अपुरं न्हाई ऱ्हायलं, सर. काम झालंय. बाटल्या म्या धुतल्यात, म्या बघितलंय. आणि ह्याला निरोप म्हणू नका. निरोप जाणाऱ्याला देत्यात. मॅडम गेल्या न्हाईत. आपण त्यांना काढलंय."

कोणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मी खाली उतरले आणि तशीच सभागृहाबाहेर चालत गेले. त्या दिवशीच्या कपबशा मी उचलल्या नाहीत.